हिवराळ्यांच्या करंगळीचा डाग

मी, करुणा सुदर्शन हिवराळे, वय वर्षे अडुसष्ट, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे माझे दुसरे आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही, पण कायद्याला त्याची गरज नाही असे वकीलसाहेब म्हणाले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दमही दिलेला नाही. मला दम देईल असा माणूस या घरात आता उरलेला नाही.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे. माझे पती कालकथित सुदर्शन हिवराळे यांच्या गिटारवरचा एक डाग माझ्यानंतरही राखला जावा, एवढ्यासाठी मी ते केले होते. तो डाग आता राहिलेला नाही. त्यामुळे त्या कागदात जीव उरला नाही आणि गिटार कोणाला द्यायची हे नव्याने ठरवणे भाग पडले. ते कलम शेवटी घेते. आधी बाकीचा पसारा आवरते.

कलम १. उस्मानपुऱ्यातील राहते घर माझ्या पगारातून आणि माझ्या नावच्या कर्जातून बांधलेले असून ती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते माझ्या पश्चात माझी मुलगी मेघा, राहणार नाशिक, हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. ती इथे परत राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे, फक्त फोनवर आम्ही दोघी तसे बोलत नाही. स्लॅबवर वरच्या मजल्यासाठी सोडलेले लोखंडी गज अजून उभे आहेत. तो मजला चढलाच नाही, कारण त्या पैशांची गिटार आली. त्या गजांना दोरी बांधून मी इतकी वर्षे कपडे वाळत घातले. घेणाऱ्याला गज कापायचे असतील तर खुशाल कापावेत.

कलम २. बँकेतील ठेव आणि माझ्या अंगावरचे थोडे सोने, आजारपणातून जे उरेल ते, मेघाचेच. फार उरणार नाही. तिने त्यावर बेत आखून ठेवू नयेत.

कलम ३. शिलाई मशीन माझ्या नणंद भामाबाई यांना द्यावे. माझ्या लग्नात त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "नर्स म्हंजी रात्रीची बाहेर असनारी बाई, आमचं घर काय संभाळनार?" ते मी विसरलेले नाही. पुढे त्यांच्या सासूबाईंना पाठीला फोड आले तेव्हा त्या रात्रीच्या बाईनेच रोज जाऊन पट्ट्या बदलल्या, हे त्यांनीही विसरू नये. मशीन चांगले आहे. तेल घालत जावे.

कलम ४. हिवराळे यांचा अँप्लिफायर आणि माइकचे दोन स्टँड आमच्या नगरातील जयंतीच्या ऑर्केस्ट्राला द्यावेत. ते टेलिफोन खात्यात नोकरीला होते, पण एप्रिल महिना आला की नोकरी नावापुरती. अँप्लिफायरला हात लागला की झटका बसतो. वायर आधी दाखवून घ्यावी, ऐन कार्यक्रमात कोणी आडवे व्हायला नको.

कलम ५. गच्चीवरची पाण्याची टाकी घराबरोबर जाईल. शेजारी श्री. कचरू दाभाडे हे नळाच्या दिवशी लाइनीला मोटार लावतात आणि आमच्याकडे नळाची नुसती हवा येते. पाणी मुळात आठवड्याने येते, त्यात हे. मी गेल्यावर इथे जो कोणी राहील त्याला तरी त्यांनी पाणी मिळू द्यावे. श्री. दाभाडे या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत आणि आत्ता माझ्यासमोरच बसले आहेत. हे वाचून ते म्हणाले, "वैनी, हे बी लिवता का?" मी म्हटले, "व्हय, लिवते." सही करतो म्हणाले. मोटारीबद्दल काही बोलले नाहीत.

कलम ६. गिटार. इथून पुढे मला कार्यालयीन भाषा जमणार नाही. वकीलसाहेबांनी माफ करावं.

ही गिटार एका परदेशी कारखान्यानं काढलेल्या चाळीस नगांपैकी एकोणिसावी आहे. परत तशी काढली नाही म्हणतात. मधल्या भोकातून बॅटरी मारली की आतल्या कागदावर तो आकडा दिसतो. शौकीन मंडळी आधी आकडा बघतात. मग नाक लावून लाकडाचा वास घेतात. मग दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा आत घालून कुठं चीर आहे का ते बघतात. वाजवून बघणारा क्वचित एखादा. हिवराळ्यांनी ती पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली. ते देतो म्हणायचे आणि आम्ही एसटीनं तिथं पोचलो की नाही म्हणायचे. शेवटी म्हणाले, जरा वाजवा बघू. हिवराळे वाजवायला लागले तसे ते उठले आणि आतून पेटी घेऊन आले. मी मात्र घरी आल्यावर आठवडाभर बोलले नाही. वरचा मजला गेला ना माझा.

आता डागाचं. मी नोकरीत नवी असताना माझ्या वॉर्डात टेलिफोन खात्यातला एक पोरगा खांबावरून पडून करंगळी मोडून आला. पट्टी मी बांधली. करंगळी वाकडी बसली. तक्रार करायला तो दर आठवड्याला यायचा. हाड जुळल्यावरसुद्धा यायचा. शेवटी मेट्रनबाईच वैतागल्या, "करुणा, त्याला एकदाचं काय ते सांगून टाक गं, ओपीडीत गर्दी होते." असं आमचं लग्न जमलं.

वाजवताना ती वाकडी करंगळी गिटारच्या फळीवर, भोकाच्या खाली, एका जागी टेकायची. सरळ बोटाच्या माणसाची तिथं टेकत नाही. आधी तिथलं पॉलिश मंद झालं, मग गेलं, मग आतलं लाकूड उघडं पडलं. चिंचोक्याएवढं, जरा तिरकं. कोणी विचारलं की हिवराळे माझ्याकडं बोट करायचे. "आमच्या सिस्टरनं बांधलेली पट्टी हाय ती," म्हणायचे. मी चिडायचे. त्यांना तेच हवं असायचं.

ते गेले. पुण्यानुमोदनाला फोटोपुढं मेणबत्त्या लावलेल्या, बाहेर मांडवात माणसं जेवत होती, आणि कन्नडचे आप्पासाहेब आले. ऊसवाले आहेत. काचेच्या कपाटात गिटारी टांगून ठेवतात आणि कपाटाला कुलूप. एकही वाजवता येत नाही. "वैनी, लई वाईट झालं," म्हणाले, आणि खिरीची वाटी हातात असतानाच, "ती एकोणीस नंबरची कुठंय?" मी दाखवली. दाखवायला नको होती. बॅटरी मारून बघितली, वास घेतला. "बाकी चोख हाय. एवढा डाग घालवला की माझ्याकडं लावता येईल." मी म्हटलं, विकायची नाही. त्यांना वाटलं भाव वाढवतेय.

त्या दिवसापासून मला धसका बसला. माझं काही खरं नाही, मेघाला गिटारीतलं काही कळत नाही, ती त्यांनाच विकणार आणि ते पहिलं काम हेच करणार. माणसाचे कपडे वाटून टाकले, चष्मा दिला, फोटोत तर कोणीही हसतं. त्यांचं अंग जिथं खरोखर लागलेलं होतं अशी ती एकच जागा माझ्याकडं राहिली होती. म्हणून मी पहिलं मृत्युपत्र केलं: गिटार अशालाच द्यावी जो या डागाला कधी हात लावणार नाही. वकीलसाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, "मॅडम, वस्तू दिली की घेणाऱ्याची. तुमच्या मागे ही अट कोण राखणार?" मी म्हटलं, तुम्ही लिहा तर खरं. लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट बंद केलं. आणि जिवंतपणी ते वाक्य कुणाला म्हणून बोलले नाही.

बद्रीनाथ काकडेलासुद्धा नाही. बद्रीनाथ गारखेड्याला राहतो. मागच्या खोलीत गिटारी दुरुस्त करतो. वाजवण्यात तो यथातथाच, पण लाकडावर हात बसलेला आहे. हिवराळ्यांना तो सर म्हणायचा. आप्पासाहेब डागाचं बोलले तेव्हा तो तिथंच खीर वाढत होता. ते गेल्यावर माझी औषधं, गॅसचा नंबर, दवाखाना, सगळं न सांगता करत आला. पोटच्या पोरानं केलं नसतं.

आपल्याकडचा उन्हाळा या लाकडाला सोसत नाही. पेटीत ओला स्पंज ठेवावा लागतो, नाहीतर फळी तडकते. नळ असो नसो, मी पिण्याच्या पाण्यातून तो भिजवत होते. गेल्या उन्हाळ्यात मलाच दवाखान्यात ठेवलं. स्पंज वाळला. परत येऊन पेटी उघडली तर तारा जिथं अडकवतात ती पट्टी फळीवरून उचलली गेली होती. बद्रीनाथला म्हटलं, चिकटवून आण बाबा. तो घेऊन गेला. बरेच दिवस आणून देईना. विचारलं की हसायचा.

आणि हिवराळ्यांच्या स्मृतिदिनी पेटी घेऊन आला. "काकू, डोळे मिटा."

मी मिटले.

"आता उघडा. सरांनी आनली तवा अशीच व्हती का नाय?"

नव्या पॉलिशचा वास नाकात गेला. फळीत माझंच तोंड दिसत होतं. मी म्हटलं, "बद्रीनाथ, करंगळी कुठं गेली?"

"कुनाची करंगळी?"

"हिवराळ्यांची."

आधी तो हसला. "तो डाग व्हय? लई जपून काढला, काकू. आजूबाजूचं लाकूड बिलकुल दुखू दिलं नाय. आता आप्पासाहेब नाय म्हनूच शकत नाय. तुमच्या दवाखान्याचं भागंल." माझ्या तोंडाकडं बघून मग त्याचं हसू गेलं. मी करंगळीचं सगळं सांगितलं, ओपीडीपासून. तो फरशीवर खालीच बसला. म्हणाला, "मला सांगायचं तरी, काकू."

हो. सांगायचं होतं. ते पाकिटात बंद होतं.

हिवराळे गेले तेव्हा मी ड्यूटीवर असल्यासारखी सगळं उरकत होते. डोळ्यात पाणी नव्हतं, म्हणून भामाबाईंनी नावं ठेवली. त्या दिवशी मी रडले. स्वयंपाकघरात नाही, दार लावून नाही, बद्रीनाथच्या समोर, मोठ्यानं. तोही रडला. मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही. ज्या हातांनी तो माझ्या गोळ्या काढून देतो त्याच हातांनी त्यानं ते घासलं, हे मला रोज दिसतं.

पुढच्या आठवड्यात परत आला, मोबाइल पुढं केला. "काकू, माझ्याकडं जुने फोटो हायेत. मापात तसाच डाग करून देतो. लोक मुद्दाम करून घेतात, जुनी दिसावी म्हनून. कुनाला वळखू येनार नाय."

मी म्हटलं, "मला येईल ना रे."

फोटोही बघितले नाहीत. संध्याकाळी मी गिटार मांडीवर घेते. मला एक सूर वाजवता येत नाही, पण हात तसा ठेवून बघते. माझी करंगळी त्या जागी पोचत नाही. ती सरळ आहे. पोचली असती तरी तेवढी वर्षं माझ्याकडं नाहीत, हे माझे पाय सुजतात त्यावरून मलाच कळतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांवर बोट दाबून तेच बघत आले.

आप्पासाहेबांचा फोन येऊन गेला. डाग गेल्याचं त्यांना कळलंय, आता त्यांची काही हरकत नाही, मी म्हणेन ती किंमत. मेघा म्हणते, "आई, आता तर देऊन टाक. आता काय राहिलंय तिच्यात?" बरोबर आहे तिचं. काही राहिलेलं नाही.

तरी ही गिटार पेटीसह बद्रीनाथ काकडे याला द्यावी असं मी लिहून ठेवते. आप्पासाहेबांना देऊ नये, आणि मेघानं यावर भांडू नये. बद्रीनाथवर कोणतीही अट नाही. त्यानं वाजवावी, विकावी, उन्हाळ्यात स्पंज ठेवावा किंवा तडकू द्यावी. अटींनी काही राखलं जात नाही, हे मी बघितलं.

आज तो मला वकीलसाहेबांकडं घेऊन आला. रिक्षातून उतरवलं, जिना चढताना मागून हात धरून होता. इथं आल्यावर खिशातून पेन काढून, आधार कार्डाची झेरॉक्स पुढं ठेवून साक्षीदार म्हणून सही करायला उभा राहिला. मी म्हटलं, "तुझी सही नको." त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं राग अजून गेलेला नाही. गेलेला नाहीच. पण ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलसाहेब म्हणतात, म्हणून नको म्हटलं. हे त्याला सांगितलं नाही. पुन्हा एकदा बोलायचं ते मी पाकिटात घालतेय, मला समजतंय. तोंडानं सांगायला आता अंगात जोर राहिला नाही. तो बाहेर जिन्यात बसलाय.

त्यालाच का, ते लिहून ठेवते, म्हणजे पाकीट उघडल्यावर त्याला कळेल. तो डाग नेमका कुठं होता, केवढा होता, कोणत्या बाजूला तिरका होता, बोटाखाली कसा लागायचा, हे हिवराळ्यांना ठाऊक होतं आणि मला. मी गेल्यावर ते ठाऊक असलेला माणूस या जगात एकच उरतो. त्यानं तो आपल्या हातानं घासून काढलाय.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचून पाहिले. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे, आणि त्यांनी आपल्या सह्या माझ्या देखत कराव्यात.

करुणा सुदर्शन हिवराळे
(सही)

साक्षीदार:
१. कचरू दाभाडे, शेजारी, उस्मानपुरा. वाचून सही केली. (सही)
२. प्रेरणा म्हस्के, परिचारिका, पूर्वी माझ्याच वॉर्डात. (सही)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जून २०२५