तीनदा पुसायची फरशी

ताई, सकाळचे आठ वाजलेत आणि मी गाळ्याचं शटर वर करतेय. इंडस्ट्रियल इस्टेटचा दुसरा मजला, शेजारी प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना, त्याचं मशीन अजून सुरू व्हायचंय. आधी खालच्या नळावरून बादल्या भरून आणायच्या. मग मातीच्या गोळ्यांवरची गोणपाटं ओली करायची. काल तुम्ही चाकावर काढलेल्या वाडग्यांवरचं प्लास्टिक उचलून, किती सुकलेत ते बोटाने बघायचं. खिडक्या बंदच ठेवायच्या, कारण वारा लागला की भांडं एका बाजूने सुकतं आणि तडकतं. शेवटी फरशी. तिला झाडू लावायचा नाही, हा तुमचा पहिल्या दिवशीचा नियम. सुकलेल्या मातीची धूळ उडता कामा नये. ओल्या फडक्याने पुसायचं, पाणी बदलायचं, पुन्हा पुसायचं, असं तीनदा. साडेनऊला तुम्ही येता. चपला दाराशी काढता, "वा, कशी चकचकीत!" म्हणता आणि चहाचा कप घेऊन चाकाशी बसता, तोंडाला काही न बांधता.

त्या चकचकीत फरशीवर आधी झाडू फिरलेला असायचा. भट्टीच्या मागे मी तो लपवून ठेवला होता. दहा मिनिटांत सगळं झाडून काढायचे आणि वरून एकदाच ओलं फडकं मारायचे, तुम्हाला दिसण्यापुरतं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गाळा आता तुमची एक विद्यार्थिनी चालवते. मी तिथेच आहे. नव्या मुलींना माती मळायला शिकवते, भट्टी भरते. मुलुंडहून, अंधेरीहून मुली येतात, पहिला वाकडा कप झाला की त्याचा फोटो काढतात आणि मला मावशी म्हणतात. दिवाळीपासून मला खोकला आहे. परवा तुमची ती विद्यार्थिनी म्हणाली, "मावशी, हा खोकला कधीपासून चाललाय?"

"आजचाच गं."

"काय आजचाच! मागच्या आठवड्यात खोकताना भांड्यांची अख्खी फळी हातातून पडणार होती तुमच्या. एक्स-रे काढा ना यार."

मला यार म्हणाली. दुसऱ्या वेळी हसले असते. डॉक्टरांनी एक्स-रेची चिठ्ठी दिली त्याला तीन आठवडे झालेत. ती पर्समध्ये आहे, घडीवर फाटायला आलीय. मरणाची भीती वाटत नाही असं पुस्तकातल्या बायका म्हणतात. मला वाटते. ह्यांना एका दुपारी जाताना बघितलंय मी, तेव्हापासून वाटते. पण चिठ्ठी काढून परत ठेवते ती त्या भीतीने नाही.

वाचनालयातून मी एक पुस्तक आणलं होतं, कामगारांच्या आजारांवरचं. त्यात मातीच्या धुळीवर दीड पान होतं. उन्हात चमकते ती जाड धूळ, ती लवकर खाली बसते. बारीक असते ती डोळ्यांना दिसत नाही आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहते. छातीत गेली की परत निघत नाही. ते वाचून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. साडेआठला मी झाडायचे. साडेनऊला तुम्ही यायच्या.

मी मनाला पुष्कळ समजावलं. तुम्ही तीस वर्षं मातीत होतात. सुकलेली भांडी पॉलिश पेपरने घासायच्या, भांड्यांवर चढवायच्या ग्लेझच्या पावडरी उघड्यावर कालवायच्या. तुमचं छातीचं दुखणं त्यानेच झालं असेल. पण मी यातलं काहीच केलेलं नाही. घासायचं काम तुम्ही मला कधी दिलं नाही, पावडरींना हात लावू दिला नाहीत. मी फक्त झाडलं. म्हणजे माझ्या एक्स-रेत तेच निघालं तर ते झाडूचंच. मग तुमच्या छातीत काय गेलं होतं, हे मला कळेल. आता नुसती शंका आहे, तिच्यासोबत जेवता तरी येतं.

शेवटी शेवटी मी तुमच्याकडे पेज घेऊन यायचे. ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. एकदा तुम्ही नळी बाजूला करून म्हणालात, "अगं, भट्टीत न घालताच भाजून निघाली बघ माझी फुफ्फुसं. टिचकी मारलीस तर वाजतील." मी हसले. तुम्हाला हसवायचं होतं म्हणून हसले. मग जिन्यात बसून राहिले.

एक्स-रेसाठी उद्याची वेळ घेतलीय. तिथे विचारतील, धुळीत किती दिवस होतात? खरं उत्तर तोंडातून निघायला हवं, म्हणून आधी लिहून बघतेय. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

मला कामाला लागून वर्ष होत आलं होतं. प्रदर्शनाची भांडी बांधायची म्हणून तुम्ही लवकर आलात. मी मधोमध, हातात झाडू.

"हे काय चाललंय? नाकात जातं हे, कळत नाही तुला? स्वतः मरायचंय की मला मारायचंय?"

मी झाडू पाठीमागे घेतला.

"किती दिवस चाललंय?"

"आजच, ताई. पाणी पुरलं नाही."

तुमचा चेहरा एकदम उतरला. "मग सांगायचं ना गं मला! दोन जिने बादल्या चढवायला लावते आणि वर तुलाच ओरडते. माझंच चुकलं." तुम्ही झाडू स्वतःच्या हाताने मोडलात, फोन करून पाण्याचा ड्रम मागवलात आणि माझ्यासाठी चहा सांगितलात.

पाणी नेहमीच पुरत होतं, ताई. तीनदा पुसायला तासाच्या वर वेळ जायचा. झाडलं की तो तास वाचायचा, आणि त्या तासात मी बादली उलटी घालून, भांडी गुंडाळायला आणलेली रद्दी वाचत बसायचे. चौथीपर्यंतच शिकलेली मी, आधी बोट ठेवून, मग बोट न ठेवता. एखादी बातमी अर्धीच मिळायची, बाकीची कुठल्या तरी बरणीभोवती निघून गेलेली. पुढे पाहुण्यांना तुम्ही कौतुकाने सांगायच्या, "ही आपली आपण वाचायला शिकली, बरं का." वेळ कुठून काढला, हे कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी निळा ड्रम आला. वॉचमनने पाइप लावून तो गळ्यापर्यंत भरून दिला. मी येतानाच स्टेशनबाहेरून नवा झाडू घेतला होता. वॉचमन गेल्यावर खिडक्या बंद केल्या, फरशी झाडली आणि वाचायला बसले.