दारासमोर थांबणारे सरकार

तीर्थरूप हेस्टरमावशीस,

जेथ्रोचा टोपी काढून नमस्कार. (टोपी बाकावर ठेवलीय. निघताना विसरणार, हे आत्ताच कळतंय.) तुझे गुडघे काय म्हणतात? फोकस्टनच्या खाऱ्या वाऱ्यात ते जास्तच कुरकुरत असतील. मांजर व्याली का? मी खुशाल आहे, म्हणजे बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की लांब कुठेतरी जावंसं वाटतं, तेवढी माझी खुशाली तुला पाठ आहे. सध्या अॅशफर्ड स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये अडकलोय. आधी लष्कराच्या गाड्या जातात, मग जखमींच्या येतात, आणि आमची गाडी कडेला उभी राहून धूर सोडते. म्हटलं, तेवढ्यात मावशीला चार ओळी लिहाव्यात. तुझ्याकडेच येतोय, सहज, समुद्राची हवा खायला.

तू विचारशील, हॅरोमियरच्या एवढ्या मोठ्या घरातली नोकरी सोडलीस की काय? सोडली नाही आणि धरलीही नाही, असं काहीसं झालंय. ते नीट सांगायचं तर आधी उंचीचं सांगायला हवं. लॉर्ड वेंडलबरींच्या घरी मला घेतलं ते माझ्या गुणांमुळे नव्हे (गुण विचारलेच नाहीत, बरं झालं), तर मी नेड फिस्कएवढाच उंच आहे म्हणून. जेवणाच्या टेबलामागे उभे राहणारे दोन नोकर बैलजोडीसारखे सारखे लागतात. नावंसुद्धा घराची. मी चार्ल्स, नेड फ्रेडरिक. माझ्याआधीचाही चार्ल्सच होता आणि त्याच्याआधीचाही. थोरल्या सरकारांना, म्हणजे लॉर्डसाहेबांना, एवढी नावं कशाला लक्षात ठेवायला लावायची?

थोरले सरकार माणूस चांगला, पण एक गोष्ट त्यांना येत नाही. दार उघडणं. ऐंशीच्या घरात आलेत, पण आयुष्यात कधी दाराच्या मुठीला हात लावलेला नाही. एक पाऊल अलीकडे थांबतात, समोर बघतात आणि दार उघडतं. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून चिमण्यांचं भांडण बघत राहिलो (एक तर इतकी नाठाळ होती की काय सांगू), आणि सरकार ग्रंथालयाच्या दारासमोर चहाची वेळ टळेपर्यंत उभे! चिडले नाहीत. त्यांना वाटलं, दारच बिघडलंय.

तर गेल्या वर्षीच्या सुगीच्या जेवणाला सरकार गवताच्या गाडीवर चढले आणि गावच्या पोरांना म्हणाले, राजाला लढाईसाठी माणसं हवीत. पोरांच्या आया कोपऱ्यात एप्रनचं टोक चावल्यासारखी तोंडं करून बसलेल्या. त्यांच्याकडे वळून सरकार म्हणाले, "माझा नातू तुमच्या मुलांच्या पुढे चालेल. मागे नाही, पुढे. वेंडलबरींचा हा शब्द आहे." (त्या दिवशीचं डुकराचं मांस, मावशी! तसं पुन्हा मिळालं नाही.) सगळी पोरं गेली. मीही गेलो होतो, पण डॉक्टरने माझे तळवे बघितले आणि सपाट आहेत म्हणून हाकललं. या तळव्यांनी मी निम्मं इंग्लंड तुडवलंय. नेड गेला, जोडी फुटली, आणि एकटा नोकर टेबलामागे विधुर दिसतो म्हणून मला थोरल्या सरकारांच्या खोलीवर टाकलं.

आता परवाचा रविवार. चर्चमधला रिवाज असा की सरकार बाहेर पडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. सरकार निघाले आणि वाटेत नेडची आई उभी राहिली, मधोमध. शेजारी नेड, हात गळ्यात बांधलेला. पाद्रीबाबा घाबरून पुन्हा प्रार्थना म्हणू लागले.

"सरकार," फिस्कबाई म्हणाल्या, "आमचा नेड म्हणतो, धाकटे सरकार पोरांना तिकडे दिसलेच नाहीत. एकदासुद्धा नाही."

"आई, गप बस ना," नेड पुटपुटला.

"का गप बसू? शब्द मला दिला होता, तुला नाही."

मग कळलं ते असं. धाकटे सरकार, म्हणजे नातू पेरेग्रिन, आघाडीपासून कितीतरी मागे, जनरलसाहेबांच्या मुक्कामी, नकाशे गुंडाळतात. त्यांच्या आईने, म्हणजे सिबिल बाईसाहेबांनी, लंडनमध्ये कुणाच्या तरी कानात सांगून ते जमवलं.

दुपारच्या जेवणाला वाढायला माणूस कमी पडला म्हणून मी मागे उभा होतो, त्यामुळे पुढचं ऐकावंच लागलं. सरकार बाईसाहेबांना म्हणाले, पेरेग्रिनला पुढे पोरांकडे पाठव. बाईसाहेब आधी हसल्या, मग थांबल्या. "मामंजी, त्याचे वडील आफ्रिकेच्या लढाईत पुढेच चालत होते ना? एक दिला मी. हा माझा एकुलता आहे."

"फिस्कबाईंचाही एकुलताच आहे."

सॉसची वाटी माझ्या हातात होती ती तशीच निवली. (बदकाला आंबट सॉस का घालतात हे कोडं मला सुटलेलं नाही.) मला बाईसाहेबांचं पटलं आणि सरकारांचंही पटलं. अशा वेळी माझे पाय वळवळायला लागतात. म्हणून म्हटलं, मावशीकडे जाऊन यावं. बाकी सर्व ठीक. पत्र पुढच्या लष्करी गाडीच्या गार्डच्या हाती देतोय, म्हणजे माझ्याआधी पोचेल.

तुझाच,
जेथ्रो

ता. क. एकटा नाही. थोरले सरकार बरोबर आहेत. समोरच्या बाकावर बसून चहाच्या कपाला कान का नाही याचा विचार करतायत. काल सकाळी म्हणाले, "चार्ल्स, फ्रान्सला जायचंय. तोंडाने सांगितल्याशिवाय पेरेग्रिन ऐकणार नाही." सरकारांना गाडी द्यायची नाही अशी बाईसाहेबांनी तबेल्यात ताकीद दिली होती, म्हणून आम्ही कोबीच्या गाडीतून आलो. तेव्हा समुद्राकडची खोली झाडून ठेव, आणि बंदरावरच्या तुझ्या त्या मिस्टर पॅडॉकना (मला सगळं माहीत आहे, मावशी) बोटीवर एक म्हातारा चढवता येतो का विचार. आईला कळवू नकोस. आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेव, नाहीतर सरकार पावसात पुतळ्यासारखे उभे राहतील.

ता. क. २. आत्ता माझं खरं नाव विचारलं! सांगितलं. म्हणाले, "जेथ्रो. छान नाव आहे. चार्ल्स, चहा गार झालाय."

ता. क. ३. गार्ड अजून आलेला नाही, म्हणून हेही. जखमींची गाडी लागली. काचेच्या दारापलीकडे कुबड्यांवरचा एक शिपाई आला, दोन्ही हात गुंतलेले. सरकार उठले, सवयीप्रमाणे एक पाऊल अलीकडे थांबले. माझ्या मांडीवर कागद, दौत, सगळा पसारा. मी उठेपर्यंत त्यांनी मूठ धरली. आधी ओढलं, मग ढकललं, मग उघडलं. शिपाई म्हणाला, "देव भलं करो, आजोबा."

सरकारांनी त्याला विचारलं, "तुमचा अधिकारी तुमच्याबरोबर होता का?"

"होता की. सगळ्यांच्या पुढे होता." मग तो कुबडी सावरून म्हणाला, "म्हणून तर आता नाही."

सरकार बराच वेळ दार धरून उभे राहिले. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, घरी परत जायचं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "तिकिटं नीट ठेव. आणि ती टोपी घे, विसरशील." आमची गाडी आली, उभी राहिली आणि गेलीसुद्धा, पण ते हलेनात. प्लॅटफॉर्मवर अजून स्ट्रेचरं आहेत, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी तेच दार धरतायत.

दुसऱ्या गाडीने येतो. मावशी, दार सताड ठेवू नकोस, वारा लागेल तुझ्या गुडघ्यांना. नुसतं लोटून ठेव.