पक्षपंधरवड्यातलं कुलूप

आई, उद्या तुमच्या नातीला धंतोलीत न्यायचं आहे. तिचा गर्भ दवाखान्यात काचेच्या बशीत तयार करून, गोठवून ठेवलेला आहे. एकच उरलाय. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भ चांगला आहे, पण पोटातलं अस्तर तयार नाही. थांबू." या महिन्यात अस्तर जमलं, त्यांनी गर्भ पोटात सोडायचा दिवस दिला, आणि तो निघाला पितृपक्षातला. सासूची आठवण यायला एवढं कारण पुरतं.

ऐंशी-पंच्याऐंशीचा काळ. कोराडीच्या वीज केंद्राचं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि घरात पाळणा हलत नव्हता. तेव्हा धंतोलीतला आमचा उपचार म्हणजे थर्मामीटर, रोज उठल्याबरोबर जिभेखाली धरायचा. तेवढा वेळ सून गप्प राहते, हा तुमच्या मते त्याचा खरा गुण. महिनोन्महिन्यांचे आकडे पाहून डॉक्टरांनी मूल राहण्याजोगे दोन दिवस सांगितले. शेजारी बसून तुम्ही विचारलंत, "पक्षपंधरवडा आहे न. पुढच्या महिन्यात नाही जमणार?"

"हा महिना वाया जाईल, आजी."

बसमध्ये कोराडीपर्यंत तुम्ही बोटांवर तिथी मोजत होतात. या पंधरवड्यात सुनेला नवी साडीसुद्धा नेसू न देणाऱ्या तुम्ही. निकाल मी धरूनच चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे रात्रपाळीहून येतात, केसांत राख. मामंजींच्या श्राद्धासाठी तुमचे दीर आणि जाऊबाई मुक्कामाला आलेले. तुम्ही हात पुसता आणि म्हणता, "चला, देवीच्या दर्शनाले."

"वहिनी, आताच तं टेकलो. चहा तं पिऊ द्या."

"देवी तुमच्या चहासाठी थांबून राहिली का? उठा."

"सूनबाई काहून नाही येत?" जाऊबाई.

"तिचं डोकं दुखून राहिलं."

माझं डोकं ठणठणीत होतं. दारात माझ्या कानाशी लागून तुम्ही म्हणालात, "आज त्याच्यासंग भांडू नको वं. तुह्या तोंडाचा भरोसा नाही." आणि बाहेरून चक्क कुलूप लावलंत, शेजारणीनं कडी वाजवू नये म्हणून. आम्ही दोघं आधी पोट धरून हसलो.

त्या महिन्यात काही झालं नाही. नियम मोडला तो मोडला, पदरात शून्य. 'म्हणूनच सांगत होती' हे वाक्य तुमच्या तोंडून येईल म्हणून मी कितीतरी दिवस कान टवकारून होते. ते आलं नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तुम्हीच विचारलंत, "मंग आता कधी?" पोरगी झाली ती त्यानंतर दीड वर्षानं, आणि श्रेय तुम्ही मरेपर्यंत कुलपालाच दिलंत.

तिथी पाहणाऱ्यांची टिंगल करून मी आजवर वर्तमानपत्रातला रकाना भरत आले. काल स्वयंपाकघरात, कुणी नाही असं पाहून, उद्याची तिथी पाहिली. तुमच्याच श्राद्धाची आहे. पोरीला सांगितलं नाही. ती हसली असती, किंवा घाबरली असती. तिच्या घाबरण्याचीच मला जास्त धास्ती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? उडदाच्या डब्याखाली राहील. उद्या दुपारी जेवायला याल तेव्हा घराला कुलूप असेल. कारण तुम्हाला सांगायला नको. थोडं थांबा, संध्याकाळी पान वाढते. माझा या कशावर विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डाळ भिजत घातली आहे.