तोट्याच्या वर्षातलं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज आपल्या गावचं गोडं पाणी बंद झालं हे सांगायला बसलो आहे. ते सुरू झालं होतं, हेही तुम्हाला माहीत नाही.

मी पाइप बनवणाऱ्या कंपनीत आहे. नफ्यातला ठरावीक वाटा समाजासाठी खर्चावा असा कायदा आला, तेव्हा त्या कामाच्या खात्यात लागलो. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या गावाचं नाव मीच सुचवलं, आणि शाळेमागं पाणी शुद्ध करणारं यंत्र बसलं.

आपला स्वयंपाक आठवतो. बोअरच्या खाऱ्या पाण्यात चहा फाटायचा, म्हणून आई तो काळाच करायची. एकदा टँकरच्या पाण्यानं मी हात धुतले, तर तुम्ही खेकसलात, "काऊन बे, गोड्या पाण्यानं हात धुऊन राह्यला?" पुढे तेच खारं पाणी पिऊन तुमच्या किडन्या गेल्या. अकोल्याहून डायलिसिस करून तुम्ही येता, भिंतीला टेकून बसता, आई वाटीनं मोजून पाणी देते. तुम्ही म्हणता, "मले तं आता तहान लागायचीबी चोरी झाली."

म्हणून सभांमध्ये मी पोटतिडकीनं बोलायचो: गावाचं भलं केलं की गाव कंपनीला धरून राहतं, यंत्र असलेल्या गावांत आपले पाइप जास्त खपतात. साहेब मान डोलवायचे. मग तोटा आला. यंत्रातला पाणी गाळणारा पडदा बदलायला मंजुरी मिळेना. मी तोच मुद्दा मांडला, तर साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, पिकं चांगली होती म्हणून पाइप खपले. आणि नफा होता म्हणून तुझं यंत्र होतं." कशामुळे काय झालं, हे मलाही कधी ठाम माहीत नव्हतं.

यंत्र आता बंद, हे काल गावात जाऊन सांगून आलो. शेजारच्या काकू रिकामी कॅन घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मुलाचंही आता डायलिसिस सुरू आहे.

"कंपनी तोट्यात गेली का?"

"हाव, काकू."

"मंग तुही नोकरी तं राह्यली ना, बापा?"

"राह्यली."

"बरं झालं मायबाई," म्हणाल्या. उन्हातून आलास म्हणत घरी नेलं, बोअरच्या पाण्याचा पेला हातात दिला.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहितो आहे. बाबा, मी ते पाणी प्यायलो नाही. ओठाला लावल्यासारखं केलं, आणि काकू आत वळल्या तसं मोरीत ओतलं.