टी ५४७० आणि पहिली जून

जव्हार, जि. ठाणे
५ ऑक्टोबर २००८

प्रिय तुळशी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. दहा दिवसांनी का होईना मी मोठी, म्हणून सुट्टीतल्या पत्रांत तुला आशीर्वादच लिहायचे. हात तिकडेच वळला.

काम आहे म्हणून लिहिते. माझा भाचा सुदर्शन दिवाळीला दुबईहून येतोय. आत्याला लॅपटॉप घेऊन देणार म्हणे, म्हणजे त्याचा चेहरा मला इथून दिसेल. मी म्हटलं, तुझा चेहरा मी लहानपणापासून बघत आलेय, त्यात काही सुधारणा आहे का? तर हसला आणि दोन पत्रकं पाठवली. यातला एक निवड म्हणाला.

आता ऐक. दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची, रंग तोच, पडदा तेवढाच. फरक फक्त आतल्या प्रोसेसरचा. एकाचं नाव टी ५४५०, दुसऱ्याचं टी ५४७०. अगं, ही काय नावं झाली? आपल्या वर्गात दोन चंदा असल्या तर एक खोडाळ्याची चंदा आणि एक मोखाड्याची चंदा, इतकी अक्कल आपल्याला होती. बारीक अक्षरातलं सगळं वाचायची शिस्त मला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावली, म्हणून भिंग घेऊन वाचलं. ५४५०चा वेग १.६६, आणि ५४७०चा १.६०! मोठ्या आकड्याचा वेग कमी. मग खालच्या ओळीत ‘बस’ नावाचं काहीतरी आहे, ते पहिल्याचं ६६७ आणि दुसऱ्याचं ८००. इथल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला विचारलं तर तो च्युइंगम चघळत म्हणाला, "मॅडम, मोठा नंबर घ्या ना, सिंपल." मी म्हटलं, तुझा रोल नंबर साठ होता, म्हणून तू वर्गात पहिला होतास काय?

तुझ्या मुकेशचं नाशिकला कॉम्प्युटरचं दुकान आहे असं कळलं. सातवीला माझ्याच वर्गात होता, गणितात चोख. त्याला विचारून कळव. दोन ओळी चालतील.

बाकी ठीक. भारनियमन आठ तासांचं. रेडिओ तेवढा वेळ गप्प, आणि घरात बोलणारं दुसरं कोणी नाही. परवा फोन वाजला, राँग नंबर होता. त्या माणसाला मी दहा मिनिटं सोडलं नाही. त्याच्या मुलीला गणितात किती पडले तेही मला आता ठाऊक आहे.

कळावे,
कमल सांबरे
सेवानिवृत्त मुख्याध्यापिका


जव्हार
१९ ऑक्टोबर २००८

तुळशी,

पत्र मिळालं. म्हणजे मुकेशचं मिळालं, दुकानाच्या कागदावर. फार नीट लिहिलंय पोराने. "बाई, आकड्यावर जाऊ नका. तो कंपनीने लावलेला असतो. एकाचा स्वतःचा वेग किंचित जास्त, दुसऱ्याचा मेमरीकडे जायचा रस्ता जरा रुंद. तुमच्या कामात फरक कळणारही नाही." इथवर ठीक. खाली लिहितो, "आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन्ही सारखेच असतील तर बाईंनी नियमाने जावं. ज्याची तारीख आधीची, तो घ्यावा."

पोराला बिचाऱ्याला वाटलं आई सल्ला देतेय.

टोमणा मारायचाच होता तर स्वतःच्या हाताने लिहायचास! चौदा वर्षं झाली आणि तू अजून तिथेच. मग मीही लिहिते. शाळेत आपण एकाच दिवशी रुजू झालो, बी.एड. एकाच वर्षीचं. मुख्याध्यापकपद एक. अशा वेळी वयाने मोठी असेल तिला द्यायचं, हा नियम मी केला नव्हता. ज्येष्ठता यादीत माझी जन्मतारीख २२ मे ४४, तुझी १ जून ४४. तुमच्या खोडाळ्याच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला पहिली जून लावली, त्याला मी काय करू? माझी तारीख सिस्टरांनी दाखला बघून लिहिली, हा माझा गुन्हा?

तुझा खरा जन्म आधीचा म्हणून तू यादीवर हरकत घेतलीस आणि संस्थेच्या चिटणिसांच्या खोलीत माझं नाव पुढे केलंस. "माझी आई यांच्याशी बोललीय, यांनाच विचारा." मी काय सांगणार होते? सेवापुस्तकात लिहिलंय ते खरं, एवढंच मी म्हणाले. त्यानंतर आठ वर्षं तू माझ्याशी फक्त हजेरीपटाबद्दल आणि खडूबद्दल बोललीस. एक जूनवाले एकतीस मेला निवृत्त होतात, माझाही महिना मेच, म्हणून आपला निरोप समारंभही एकाच दिवशी. दोन खुर्च्या शेजारी, दोन शाली एकाच गठ्ठ्यातल्या. तू शाल घेतलीस आणि माझ्या पुढून निघून गेलीस. मुलं बघत होती, तुळशी.

नियम तो नियम. मुकेशला आशीर्वाद.

कमल


जव्हार
२ नोव्हेंबर २००८

ती. तुळशीताईस,
सा. नमस्कार.

तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच.

सुदर्शन येऊन परवा गेलाही. लॅपटॉप टेबलावर आहे. कोणता, ते सांगते. मी त्याला म्हटलं, आकडा बघू नकोस, दुकानदाराकडे ज्याची पेटी आधी आली असेल तो आण. तो म्हणाला, "आत्या, असं कोण निवडतं?" मी म्हटलं, आमच्या शाळेत असंच निवडायचे. ५४७० आला. चांगला चालतो. दुसराही चाललाच असता. वरच्या कडेला कॅमेरा आहे. सुदर्शनला वेळ नसतो, तेव्हा त्यात माझाच चेहरा दिसतो. काल बराच वेळ बघत बसले होते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तू ती वाचताना शोधली असशील.

एकाहत्तर साली दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्या घरी चार दिवस राहिले होते. नागली खळ्यावर होती. गौराबाई, तुझी आई, चुलीशी भाकऱ्या थापत मला सांगत होती, "बाय, इकडं तुळशीच्या लग्नाच्या मंगलाष्टका चालल्या न तिकडं माझ्या कळा सुरू! पोरीनं अक्षतांचीपण वाट नाय बघितली. मंग दुसरं नाव काय ठेवणार?" आपण दोघी किती हसलो. तू म्हणालीस, "आणि शाळेत माझा वाढदिवस एक जूनला." मी म्हणाले, "तुळशीचं लग्न जूनमध्ये लागतं होय?" हे मीच म्हणाले होते.

चिटणिसांनी मला सरळ विचारलं होतं, "या बाईंच्या आईने तुम्हाला काही सांगितलं होतं का?" आणि मी म्हणाले, "आठवत नाही."

सेवापुस्तकाचं मी नंतर म्हणाले. आधी हे म्हणाले.

खरं सांगितलं असतं तरी निकाल तोच लागला असता. कागदापुढे आपल्या दोघींच्या शब्दाला कोणी विचारलं नसतं, पद मलाच मिळालं असतं. म्हणजे खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती. हे मला त्याच दुपारी कळलं, डबा उघडला तेव्हा. शेजारी तुझा डबा नव्हता. तू खिडकीकडे तोंड करून जेवत होतीस. पद तुला किती हवं होतं ते मला माहीत नाही. मी हो म्हणावं एवढं हवं होतं, हे माहीत होतं. तरी आठ वर्षं मी त्या खुर्चीवर बसून तुझ्या रजेच्या अर्जांवर सह्या केल्या, आणि चौदा वर्षं नियम नियम म्हणत राहिले. प्रोसेसरचा फरक मुकेशने एका कागदात सांगितला. तो मला तसा फारसा जाणून घ्यायचाही नव्हता. तुझ्या घरी पत्र जावं, याला काहीतरी निमित्त हवं होतं.

सोबत वेगळा कागद जोडलाय. ‘मी समक्ष ऐकले आहे की श्रीमती तुळशीबाई यांचा जन्म सन १९४३च्या तुळशीविवाहाच्या दिवशी झाला.’ खाली सही, तारीख. आता कुठल्याही कचेरीत त्याचा उपयोग नाही. मुकेशला वाचून दाखव, आणि यावेळी तो कशाबद्दल आहे तेही त्याला सांग.

येत्या दहाला तुळशीचं लग्न. तू पासष्ट पूर्ण करशील. मी तुळशीपुढे ऊस मांडणार आहे. नाशिकहून सकाळी निघालीस तर दुपारपर्यंत जव्हारला पोचशील. मी स्टँडवर येऊन थांबेन. नाही आलीस तर मंगलाष्टका मी एकटीच म्हणेन, माझा आवाज तुला ठाऊक आहे.

पहिल्या पत्रात लिहिलेले आशीर्वाद परत घेते. द्यायचे तर तू दे.

तुझ्याहून सहा महिन्यांनी धाकटी,
कमू