अडलेली ‘ब्लिंक’

प्रिय हट्टोबा,

फोन उचलायचा नाही, दार उघडायचं नाही आणि राजीनामा मात्र शिपायाच्या हाती पाठवायचा, ही कुठली रीत? काल तुझ्या दाराशी उभी राहून मी बेल वाजवत राहिले. आत रेडिओ चालू होता, तो एकदम बंद झाला. म्हणजे दाराच्या भिंगातून तू मला पाहिलंस. शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि मी वर्गणी मागायला आल्यासारखं माझ्याकडे बघत राहिल्या. असा संताप आला होता म्हणून सांगू.

आपला इंग्रजी-मराठी कोश छपाईला जायचा खोळंबलाय आणि घोडं पेंड खातंय ते ‘ब्लिंक’वर. दिव्याची उघडझाप होते तो अर्थ लिहून झाला. यंत्र बिघडलं की म्हणतात तो झाला. दोघं अडून बसलेले असताना एकानं आधी कच खाल्ली, तोही झाला. ‘पापणी लवते न लवते तोच’ हे तर आपल्याकडे तयारच होतं. राहिला तो पहिलाच अर्थ, माणसाच्या पापणीचा. कारण नियम तुझाच: क्रियापद एकानं करून दाखवायचं, दुसऱ्यानं नुसतं पाहून लिहायचं, दुसरा कोश उघडायचा नाही. ‘स्टॅगर’साठी तू व्हरांड्यातून अशा झोकांड्या खात गेलास की हिशेबनीस पाण्याचा पेला घेऊन धावले होते. ‘यॉन’च्या दिवशी सगळी खोली जांभया देत बसली आणि काम शून्य. आता मी एकटी आरशासमोर बसते. पण पाहायला गेलं की पापणी मुद्दाम हलते, आणि मुद्दाम हलवली तर ती ‘ब्लिंक’ कसली, हे तूच शिकवलंस. ती नकळत व्हायला हवी. स्वतःचं नकळत झालेलं स्वतःला दिसत नाही, त्याला समोर माणूस लागतं.

आणि ते माणूस रुसून घरात बसलंय. अरे, अर्धा चेहरा लुळा पडला, डावी पापणी मिटेना, यात तुझा काय दोष? उजवी एकटीच लवते, म्हणून त्या नव्या मुद्रितशोधक मुलीला वाटलं की तू डोळा मारतोयस. तिचा कामावरचा पहिलाच दिवस, तिला काय ठाऊक? तिनं तक्रार केली, साहेबांनी तुला आत बोलावलं आणि तू खुलासा करायचा सोडून छत्री उचलून चालता झालास. जन्मभर ‘विंक’ आणि ‘ब्लिंक’मधला फरक आम्हाला घोकायला लावणारा माणूस, स्वतःवर वेळ आली तर मूग गिळून गप्प. मी दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. ती रडकुंडीला आली. तू आलास की माफी मागायची म्हणून रोज तुझ्या खुर्चीकडे बघत असते. साहेबही खजील झालेत. अडून बसलाय तो फक्त तू.

परवा तुझी ताई बाजारात भेटली. डॉक्टर म्हणतात चेहरा सावरेल, पण तोवर डोळ्यात थेंब घालायचे आणि झोपताना पापणी बोटानं खाली ओढून वर चिकटपट्टी लावायची, नाहीतर कोरडा पडून डोळ्याला इजा व्हायची. तुला ती पट्टी एकट्याला नीट लावता येत नाही, कधी भुवईला चिकटते, कधी नाकाला. आणि ताईला तू जवळ येऊ देत नाहीस. हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल आले होते ती त्यासाठीच, कोशासाठी नव्हे.

तेव्हा आता खरं ते ऐक. राजीनामा माझ्या खणात आहे, साहेबांपर्यंत गेलेला नाही. आणि आरशाची गोष्ट ही माझी थाप. पापणीची नोंद मी केव्हाच लिहून ठेवलीय. त्यासाठी मला वेगळं काही पाहावं लागलं नाही, इतकी वर्षं समोरच्या टेबलावरून मी तुझ्याकडेच पाहत आलेय. तुझ्या ते कधी ध्यानातही आलं नाही, तू आपला शब्दांत डोकं खुपसून. त्याचाही राग आहेच. उद्या संध्याकाळी मी पुन्हा येते. पट्टी मी लावीन, उद्या आणि नंतरही रोज, आणि पट्टीची गरज संपली तरी येत राहीन. काकूंना काय वाटायचं ते वाटू दे. तू दार तेवढं उघड.

तुझीच,
वटवट