नऊ दिवसांचं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार
नवी पोरगी भारीच निघाली! रश्मी – लोधीखेड्याची. आमच्या सौसरच्या संत्रा पॅकिंगच्या ऑफिसात कम्प्युटर सांभाळायला आली आहे. आज नागपूरच्या नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावानं मेल आला – पासवर्ड पाठवा. मी भोळी, पाठवायलाच बसले होते.

"काकू, थांबा न! मी पाहून राहिली."

तिनं डोमेनच्या, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, नोंदी उघडल्या. त्या नावानं कोणत्या मशीननं मेल पाठवायचे, याची यादीच तिथे असते म्हणे! हा मेल यादीबाहेरचा. म्हणजे खोटा! वीस वर्षं मी ऑफिसचं टपाल फोडते आहे, पण अशी नजर मला नाही.

६ फेब्रुवारी
आज आणखी दोन पकडले. चहा गार झाला तरी पोरगी उठली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पूनमला मुलाखतीचा मेल! पांढुर्ण्याची नवी लॅब, १९ तारीख. कोर्स करून दोन वर्षं झाली, माझी पोर घरीच बसून आहे. मला भरूनच आलं. लगेच रश्मीला दाखवला. तिचा चेहरा उतरला.

"काकू, हे पत्त्यातलं नाव नऊच दिवसाचं हाय. अन् मशीनची यादी भरलेलीच नाही. मले तं खोटा वाटून राहिला."

पूनम हट्टाला पेटली – "आई, एकदा जाऊन तं पाहू दे!" नाही म्हणजे नाही! असंच बोलावून पोरींना फसवतात. रश्मी होती म्हणून वाचलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
जामसांवलीच्या हनुमानाला गेले. रश्मीच्या नावानं नारळ फोडला. शेजारच्या केसरबाईंना सगळं रंगवून सांगितलं. पूनम अजून बोलत नाही. बोलेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार
संध्याकाळी रश्मी घरी आली. बस म्हटलं तरी बसेना. बाद केलेली नावं ती काही दिवसांनी पुन्हा तपासते. पांढुर्ण्याची यादी आता भरलेली दिसली, म्हणून आज भावाला तिथे पाठवलं. लॅब आहे. पांढुर्णा जिल्हाच नवा, लॅब नवी, म्हणून मेलचं नावही नवं.

"काकू, मेल खरा होता. मी चुकली."

मुलाखती काल झाल्या.

तिनं सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं. पूनमनं तिला पाणी दिलं, हात धरून बसवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.